हळदकुंकवाखालचे साल

आमच्या घरी खंडेनवमीला देवघरापुढच्या पाटावर तीन वस्तू मांडल्या जात. शेतातली कोयती, आजोबांच्या वापरातला वासला आणि पणजोबांचे रिव्हॉल्व्हर. घरातल्या थोरांनी हळदकुंकू वाहायचे, झेंडूचे फूल ठेवायचे, अक्षता टाकायच्या आणि मग आजोबांनी गोष्ट सांगायची.

गोष्ट दरवर्षी तीच असे. पहिल्या महायुद्धात पणजोबा मेसोपोटेमियात होते. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात आपली पलटण अडकली. पाच महिने उपासमार झाली, शेवटी तुर्कांपुढे शरणागती पत्करावी लागली. सगळ्यांची शस्त्रे गेली, पण पणजोबांनी आपले रिव्हॉल्व्हर पागोट्यात लपवले, ते कैदेतही जपले आणि सुटून आल्यावर बेळगाव स्टेशनवर ते घेऊनच उतरले. चुलत-आते मिळून आम्ही नऊ भावंडे. शाळेत ‘माझे आवडते व्यक्तिमत्त्व’ हा निबंध आला की नऊही जणांनी हेच लिहिले, आणि बहुतेकांना चांगले गुण मिळाले.

ही गोष्ट खरी की खोटी, असा प्रश्न कधी कुणाला पडला नाही. तो पडला गंजामुळे.

तांबेरा

निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांना बहुधा आपले शस्त्र जमा करावे लागते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका निवडणुकीत आमचे रिव्हॉल्व्हर एका दुकानात जमा होते. ऐन पावसाळ्यात ते परत मिळाले तेव्हा त्याच्या कातडी म्यानाला बुरशी आली होती आणि नळीवर तांबूस पुळ्या उठल्या होत्या. परवाना आमच्या थोरल्या दादांच्या नावावर. ते हळहळत एका निवृत्त आर्मररकाकांकडे गेले. या काकांची सारी नोकरी लष्कराच्या शस्त्रागारात बंदुका दुरुस्त करण्यात गेलेली. ते आमच्या घरी आले, त्यांनी रिव्हॉल्व्हर हातात घेतले आणि तोंड भिंतीकडे धरून अंगठ्याने वरचा खटका दाबला. नळी पुढे झुकली, चक्राची सहा घरे उघडी झाली. ती सहाही रिकामी घरे त्यांनी खोलीतल्या प्रत्येकाला दाखवली. “बघितलंत ना? आता बोला.”

गंज बघून ते फारसे काही बोलले नाहीत. सांगाड्यावरचा जाड, पिवळट-तांबडा थर मात्र त्यांनी नखाने खरवडून पाहिला. “हे काय?” आम्ही सांगितले, खंडेनवमीचे हळदकुंकू. किती वर्षांचे? आम्हीच हिशेब केला, नव्वदेक वर्षांचे तरी असेल. काका हसले. “देवाला पुजलंत, पण ओल्या हातानं. गंजाची सुरुवात इथूनच झालीय.”

पातळ तेलात भिजवलेल्या मऊ फडक्याने त्यांनी तो थर हळूहळू सोडवला. अर्धा तास गेला असेल. आधी अक्षरे दिसू लागली, वेब्ली. मग पंख फुटलेल्या गोळीचे छोटे चित्र. त्याच्याजवळ चार आकडे होते, १९१८.

शरणागतीची तारीख घरात सर्वांना पाठ होती, २९ एप्रिल १९१६. खोलीत कुणी काही बोलले नाही. शेवटी आत्या म्हणाल्या, “मग बाबा आम्हाला खोटं सांगत होते का?”

लोखंडावरचे लिखाण

जुन्या शस्त्राचे वय सांगताना घरातली आठवण शेवटी विचारात घ्यावी, आधी लोखंड वाचावे, असे काकांचे म्हणणे. त्यांनी आम्हाला ते वाचायला शिकवले. आपल्यापैकी ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांच्यासाठी ते इथे देत आहोत.

पहिली गोष्ट घडण. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचे रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्याने १८८७ साली स्वीकारले. तेव्हापासून पहिल्या महायुद्धापर्यंत त्याच्या एकामागून एक आवृत्त्या निघाल्या, त्यांना ‘मार्क’ म्हणतात. चौथा मार्क १८९९ चा, पाचवा १९१३ चा आणि सहावा १९१५ चा. आधीच्या मार्कांची मूठ पोपटाच्या चोचीसारखी वळलेली असते, सहाव्याची मूठ चौकोनी आणि नळी सहा इंचांची. आमचे सहावा मार्क. म्हणजे साल वाचण्याआधीच, नुसती मूठ बघून, ते १९१५ च्या आधीचे नाही हे जाणकाराला कळते. वजन सुमारे एक किलो शंभर ग्रॅम. महायुद्धाच्या काळात असे सुमारे तीन लाख नग तयार झाले, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या घरांत लष्करी वेब्ली निघाले तर ते याच जातीचे असण्याचा संभव बराच.

दुसरी गोष्ट कंपनीचे नाव. वेब्ली आणि स्कॉट या दोन घराण्यांचे कारखाने १८९७ साली एक झाले आणि १९०६ पासून ‘वेब्ली अँड स्कॉट लिमिटेड’ हे आटोपशीर नाव रूढ झाले. ज्या नळीवर हे नाव आहे ती १८५७ च्या बंडातली असूच शकत नाही, मग घरात कुणी काहीही सांगो.

तिसरी गोष्ट चाचणीच्या खुणा. इंग्लंडमध्ये नळी विकण्यापूर्वी तिच्यात नेहमीपेक्षा जास्त दारू भरून ती फुटते का ते पाहण्याचा कायदा आहे. बर्मिंगहॅमचे चाचणीघर १८१३ साली सुरू झाले. मुकुट आणि त्याखाली इंग्रजी ‘बी.पी.’, ‘बी.व्ही.’, ‘एन.पी.’ ही अक्षरे असतील तर चाचणी १९०४ नंतरची. मुकुटाखाली ‘बी.एन.पी.’ ही तीन अक्षरे एकत्र असतील तर ती १९५४ नंतरची. हे साल चाचणीचे असते, शस्त्र त्याहून जुने असू शकते.

चौथी गोष्ट बाण. तीन रेघांचा जाड बाण ही इंग्रज सरकारच्या मालकीची निशाणी. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील तर सरकारने तो माल विकून टाकला असे समजावे. आमच्या रिव्हॉल्व्हरवर असे दोन बाण आहेत. आजवर आम्ही त्याला नक्षी समजत होतो.

एवढे वाचल्यावर त्या शस्त्राचा प्रवास उघड झाला. ते १९१८ साली बर्मिंगहॅममध्ये घडले, सरकारने घेतले आणि युद्ध संपल्यावर नको झालेल्या मालात विकले. कुतच्या वेढ्याने ते पाहिले नव्हते.

पत्र्याची पेटी

आत्यांचा प्रश्न मात्र तसाच राहिला. दादांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. तिच्यात शस्त्रपरवान्याच्या वह्या होत्या, सगळ्यांत तळाची १९२४ सालची. त्या वर्षी डिसेंबरात बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. वहीत खरेदीची पावती टाचलेली होती, त्यावर इंग्रजीत ‘वापरलेले’ असा शेरा.

या वह्या वाचण्यात आमची एक अख्खी दुपार गेली. त्यांवरचे शिक्के एकामागून एक बघितले तर आपल्या भागाचा शंभर वर्षांचा इतिहास समोर येतो. सुरुवातीला १८७८ च्या हत्यार कायद्याखालचा मुंबई इलाख्याचा शिक्का. मग स्वतंत्र भारतातल्या मुंबई राज्याचा. १९५६ च्या नोव्हेंबरनंतर म्हैसूर राज्याचा. १९५९ चा नवा कायदा १९६२ पासून लागू झाला, तेव्हा फॉर्म बदलला. १९७३ च्या नोव्हेंबरनंतर कर्नाटक. घर तेच, कपाट तेच, शस्त्राचा नंबरही तोच, आमच्या आडनावाचे स्पेलिंग मात्र तीनदा बदलले आहे.

वह्यांखाली पणजोबांच्या निवृत्तीचा कागद होता. पलटण ११०वी मराठा लाइट इन्फंट्री. भरतीचे साल, बढत्या, आणि मध्ये एक ओळ: २९ एप्रिल १९१६ रोजी कुत येथे युद्धकैदी. त्या दिवशीचा हुद्दा हवालदार.

हवालदार म्हणजे हातात रायफल. रिव्हॉल्व्हर असे ते अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या लोकांत जमादार आणि सुभेदारांकडे. पणजोबा जमादार झाले ते कैदेतून परत आल्यानंतर, १९२० मध्ये. म्हणजे कुतमध्ये त्यांच्याकडे लपवायला रिव्हॉल्व्हर नव्हतेच.

कुत

गोष्टीतले शस्त्र गेल्यावर गोष्टीत काय उरते, हे पाहायला आम्ही पहिल्यांदाच त्या वेढ्याची माहिती नीट वाचली.

१९१५ च्या नोव्हेंबरात जनरल टाउनशेंडचे सैन्य बगदादकडे निघाले आणि टेसिफॉनच्या लढाईनंतर मागे हटत टायग्रिस नदीच्या वळणावरच्या कुत या गावी आले. ७ डिसेंबरला तुर्कांचा वेढा पूर्ण झाला. आत १०३वी, ११०वी आणि ११७वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. बाहेरून सोडवायला आलेल्या फौजांचे सगळे प्रयत्न फसले. अन्न संपत गेले तसे तोफांचे घोडे आणि खेचरे मारून मांस वाटले जाऊ लागले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी ते बराच काळ नाकारले, त्यामुळे त्यांच्या वाट्याला मुठीएवढे पीठ तेवढे आले. पालेभाजीच्या अभावी हिरड्या सुजवणारा स्कर्व्ही रोग पसरला. १४७ दिवसांनी, शरण जाण्याआधी, तोफा स्फोटाने उडवल्या गेल्या आणि दारूगोळा टायग्रिसमध्ये फेकला गेला.

सुमारे १३,००० माणसे कैद झाली. अधिकाऱ्यांना वेगळे काढले आणि बाकीच्यांना उन्हातून वाळवंटात पायी नेले. हिंदी शिपायांतल्या पुष्कळांना रास-अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपले. उपासमार, पटकी, हगवण आणि मार यांनी त्यांतले हजारो परतले नाहीत. हवालदार असलेले आमचे पणजोबा या बाकीच्यांत होते.

पुढे १९२२ च्या पुनर्रचनेत ११०वी पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली आणि रेजिमेंटचे केंद्र आपल्या बेळगावला आले. १९४४ साली इटलीत नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो याच बटालियनचे शिपाई म्हणून. त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. कुतहून परत आलेल्यांचे, किंवा न आलेल्यांचे, नाव घेण्याची आपल्याकडे रीत पडली नाही. हरलेल्या लढाईचा पोवाडा कोण म्हणणार?

हे सगळे आम्ही आत्यांना वाचून दाखवले. आत्यांचे वय आज ऐंशीच्या पुढे. पणजोबा १९५१ मध्ये वारले तेव्हा त्या आठ-नऊ वर्षांच्या होत्या. बराच वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, “आजोबा पानात एक शीत राहू देत नसत. आमच्या पानातलं राहिलं तर तेही खायचे. आणि रात्री उशाशी भाकरीचा तुकडा ठेवायचे, फडक्यात बांधून. आई म्हणायची, उंदीर येतात. पण ते ऐकत नसत.” मग थोड्या वेळाने, “खंडेनवमीला बाबा गोष्ट सांगायला लागले की आजोबा उठून गोठ्यात जायचे. आम्हाला वाटायचं, स्वतःचं कौतुक ऐकायला लाजतात.”

ते लाजत होते का, ते आता कळायचे नाही. आमच्या आजोबांनी खोटे सांगितले असेही आम्हाला वाटत नाही. बाप कैदेतून रिकाम्या हातांनी परत आला, आणि त्याबद्दल तो एक शब्दही बोलत नाही. काही वर्षांनी जमादार म्हणून पेन्शनीत निघताना तो जमादाराला शोभेल असे एक वापरलेले शस्त्र विकत घेतो आणि कपाटात ठेवतो. मुलाने या दोन्हींची सांगड घातली. कुठल्याही मुलाने घातली असती. मात्र त्या सांगडीत भूक गेली, रेल्वेचे काम गेले, बरोबरचे मेलेले गेले आणि पागोट्यातले रिव्हॉल्व्हर तेवढे राहिले. नव्वद वर्षे आम्ही त्याचीच पूजा केली.

जपणूक

आता ते जसे आहे तसे जपायचे ठरवले. काकांनी सांगितलेले नियम सोपे आहेत, पण आपल्याकडे बहुतेक घरांत त्यांच्या उलट चालते.

हातात घेतल्यावर पहिले काम म्हणजे तोंड सुरक्षित बाजूला ठेवून सहाही घरे रिकामी आहेत का पाहणे. “रिकामंच आहे” हे कुणाच्या सांगण्यावर मानू नये. नळी उघडताना-मिटताना सिनेमातल्यासारखा झटका देऊ नये, बिजागरी सैल होते. रिकामा चापही ओढत बसू नये.

कातडी म्यानात शस्त्र कायमचे ठेवू नये. कातडे ओल धरते आणि ते कमावताना वापरलेली द्रव्ये लोखंड खातात. म्यान वेगळे, शस्त्र वेगळे. आपल्याकडे जूनपासून चार महिने हवाच ओली असते. त्या काळात लोखंडी कपाटात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, त्या वेळोवेळी बदलाव्यात आणि महिन्यातून एकदा उघडून पाहावे. हात लावल्यावर पुसल्याशिवाय ठेवू नये. बोटांच्या घामात मीठ असते आणि ठसा उमटतो तिथेच पुढे गंज धरतो.

खोबरेल किंवा गोडे तेल लावू नये, ते कालांतराने चिकट होऊन बसते. शस्त्रांसाठीचे किंवा शिलाई मशीनचे पातळ तेल पुरते, तेही फडक्याने पुसून राहील एवढेच. मुठीच्या दोन्ही बाजूंना कडक काळ्या रबराच्या पट्ट्या असतात. उन्हाने त्या तपकिरी पडतात, तेलाने खराब होतात, म्हणून त्यांना कोरडेच फडके लावावे.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे लख्ख करणे. तांब्याच्या भांड्यासारखी चिंच, राख, पॉलिश पेपर यांतले काहीही जुन्या शस्त्राला लावू नये. मूळची निळसर काळी झाक एकदा गेली की परत येत नाही. नवी झाक चढवून घेतली तर ती चढवण्याआधीच्या घासकामात अक्षरे, बाण आणि साल पुसट होतात. वरवरचा गंज तेलात रात्रभर मुरू द्यावा, सकाळी मऊ फडक्याने काढावा. खोल गेला असेल तर जाणत्याकडे द्यावे. आमच्या नळीच्या आत खड्डे पडले आहेत. जुन्या काडतुसांच्या टोपीतली द्रव्ये पेटली की नळीत एक प्रकारचे मीठ मागे राहते. ते तेलाने निघत नाही, गरम पाण्याने धुवावे लागते. कधीतरी कुणीतरी बार काढला आणि नुसते तेल लावून ठेवून दिले, एवढे त्या खड्ड्यांवरून कळते.

घरात जुनी काडतुसे निघाली तर ती हाताळत बसू नये, फेकू किंवा जाळू तर नयेच. पोलिसांना कळवावे. आणि शंभर वर्षांचे शस्त्र उडवून पाहण्याचा मोह कुणीही धरू नये.

कायद्याबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. “शंभर वर्षं जुनं आहे, आता परवाना कशाला?” असे पुष्कळ जण म्हणतात. शस्त्र चालण्याजोगे किंवा दुरुस्तीने चालू होण्याजोगे असेल तर नुसत्या वयामुळे परवान्यातून सूट मिळत नाही. त्यातून आमच्यासारखे .४५५ बोअरचे लष्करी रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते, त्याचे नियम आणखी कडक. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि वारसाने आलेलीही त्या दोनांतच धरली जातात. परवानाधारक वारले तर शस्त्र कपाटात ठेवून तेराव्यापर्यंत थांबू नये. लगेच पोलीस ठाण्यात कळवून ते जमा करावे आणि मग वारसाच्या परवान्याचा अर्ज करावा. खुणांचे आणि नंबराचे फोटो परवान्याबरोबर ठेवावेत. जमा करताना आणि परत घेताना स्थितीची लेखी नोंद घ्यावी. हे आम्ही ठेच लागून शिकलो.

दादांचे वय झाले. त्यांची मुले पुण्यात आणि बेंगळुरूत, त्यांना फ्लॅटमध्ये शस्त्र नको आहे. एखाद्या लष्करी संग्रहालयाला ते रीतसर देता येईल का, याची चौकशी चालू आहे. देताना पणजोबांच्या निवृत्तीच्या कागदाची प्रत सोबत द्यायची आणि पागोट्याची गोष्ट लिहायची नाही, एवढे आम्ही नऊही जणांनी ठरवले आहे.

गेल्या खंडेनवमीला पाट मांडला. हळदकुंकू पाटावर वाहिले, लोखंडावर नाही. रिव्हॉल्व्हरशेजारी तो कागद ठेवला. गोष्ट या वेळी आत्यांनी सांगितली, उशाशी ठेवलेल्या भाकरीच्या तुकड्याची. घरातल्या सगळ्यांत धाकट्या नातीने विचारले, “मग पणजोबांनी तुर्कांपासून काय लपवून आणलं?”

आत्या म्हणाल्या, “काही नाही गं. ते स्वतः आले.”